रणभूमी आणि उंबरठा

चार चित्रपटरसिक एकत्र जमले, की 'आजवरचा सर्वोत्तम युद्धपट कोणता?' हा प्रश्न केव्हातरी निघतोच. मग जी नावे पुढे येतात, ती बहुधा तोफांच्या आवाजाच्या प्रमाणात येतात. कुणाला पडद्यावर उसळलेला समुद्रकिनारा आठवतो, कुणाला धुरातून पुढे सरकणारे रणगाडे, तर कुणाला आकाशात झुंजणारी विमाने. या आठवणी खोट्या नाहीत. तथापि एक छोटासा प्रयोग करून पाहावा. वीस वर्षांपूर्वी पाहिलेला एखादा युद्धपट डोळ्यांसमोर आणावा आणि त्यातील नेमके काय मनात उरले आहे, ते तपासावे. लढाईचा क्रम बहुधा विसरलेला असतो. कोणती टेकडी कोणी जिंकली, हेही आठवत नाही. आठवतो तो एखादा चेहरा, एखादे पत्र किंवा दारात उभी असलेली एखादी बाई.

चांगल्या युद्धपटाची माझी कसोटी यातूनच तयार झाली आहे. ज्या चित्रपटात रणभूमीवरून घराचा उंबरठा दिसतो, तो टिकतो. आणि ज्यात शत्रूच्याही घराचा उंबरठा दिसतो, तो फार काळ टिकतो. ही कसोटी सर्वमान्य नाही, याची मला जाणीव आहे. आपण ती पुढील चित्रपटांना लावून पाहावी आणि पटली तर स्वीकारावी.

या कसोटीला सर्वांत आधी उतरतो तो ग्रिगोरी चुखराय या रशियन दिग्दर्शकाचा १९५९ चा चित्रपट. इंग्रजीत त्याचे नाव 'बॅलड ऑफ अ सोल्जर' असे झाले. भाषांतराचे काम करणाऱ्याला या नावाशी क्षणभर थांबावेच लागते. 'बॅलड'साठी आपल्याकडे चटकन सुचणारा शब्द 'पोवाडा' हा होय. पण पोवाड्यात डफ आणि तुणतुणे वाजते, वीराचे नाव गर्जते आणि ऐकणाऱ्याचे रक्त उसळते. या चित्रपटात तसे काहीच नाही. त्याचे नाते पहाटे जात्यावर बसून मुलाच्या आठवणीने म्हटलेल्या ओवीशी अधिक आहे.

कथा अगदी साधी आहे. अल्योशा हा एकोणीस वर्षांचा संदेशवाहक शिपाई दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर आहे. अंगावर चालून येणाऱ्या रणगाड्यांपुढे तो प्रथम जिवाच्या आकांताने पळतो. एका क्षणी कॅमेराच उलटा होतो; आकाश खाली, जमीन वर आणि मध्ये जीव मुठीत धरून धावणारा पोरगा. मग हाताशी आलेल्या रणगाडाविरोधी बंदुकीने तो दोन रणगाडे निकामी करतो. सेनापती त्याला पदक देऊ लागतो, तेव्हा तो म्हणतो, की पदकाऐवजी घरी जायची रजा मिळाली तर बरे होईल. आईच्या घराचे छप्पर गळते आहे, ते दुरुस्त करायचे आहे. सेनापती हसतो आणि सहा दिवस देतो. दोन जायला, दोन यायला आणि दोन छपराला.

लढाई येथेच संपते, आणि उरलेला सारा चित्रपट हा रेल्वेचा प्रवास आहे! पण या प्रवासात युद्ध जितके दिसते, तितके मोठमोठ्या रणपटांतही दिसत नाही. एक पाय गमावलेला सैनिक स्टेशनावर बायकोला तार करू पाहतो, की मी परत येत नाही. अशा अवस्थेत तिच्यापुढे जाण्याचे त्याला धैर्य नाही. तारघरातील मुलगी त्याला खडसावते. पुढे ती बायको धावतपळत फलाटावर येते, तोवर अल्योशाच्या सहा दिवसांतील कितीतरी तास गेलेले असतात. आघाडीवरचा एक अनोळखी सैनिक त्याच्याजवळ आपल्या बायकोसाठी साबणाच्या दोन वड्या देतो. युद्धकाळात साबण हा केवढा मोठा ऐवज! अल्योशा त्या शहरात पोहोचतो, तेव्हा जिन्यात एक लहान मुलगा साबणाचे फुगे उडवीत असतो, आणि वर गेल्यावर कळते, की त्या बायकोने दुसरा संसार मांडला आहे. अल्योशा काही बोलत नाही. तो साबण परत घेतो, सैनिकाच्या आजारी बापाकडे जातो, आणि 'तुमचा मुलगा किती शूर आहे' याच्या मनाने रचलेल्या गोष्टी त्या म्हाताऱ्याला सांगतो. मालगाडीच्या डब्यात गवताच्या गंजीत शूरा नावाची मुलगी भेटते. दोघांचे प्रेम जमते न जमते, तोच वाटा वेगळ्या होतात.

असे करता करता सहा दिवस वाटेतच वाटून संपतात. अखेर तो गावात पोहोचतो, तेव्हा हाती केवळ काही क्षण असतात. शेतात काम करणारी आई बातमी ऐकून पिकातून धावत सुटते. दोघे मिठी मारतात, काही बोलतात न बोलतात, आणि तो निघतो. छप्पर तसेच राहते.

विशेष हे, की तो पुन्हा परतणार नाही, हे चित्रपटाने पहिल्या मिनिटालाच सांगून टाकलेले असते. आरंभी तीच आई गावाबाहेरच्या रस्त्यावर उभी दिसते आणि निवेदक सांगतो, की तिचा मुलगा परक्या मुलखात पुरलेला आहे. त्यामुळे 'आता काय होईल' ही उत्सुकता उरतच नाही. उरते ती केवळ घड्याळाची टिकटिक. चुखराय स्वतः त्या युद्धात छत्रीधारी सैनिक होते आणि अनेकदा जखमी झाले होते. प्रमुख भूमिकांसाठी आधी निवडलेले नट बदलून त्यांनी नवखे विद्यार्थी घेतले. व्लादिमीर इवाशोव्ह आणि झान्ना प्रोखोरेन्को या दोघांच्या चेहऱ्यांवरचा कोवळेपणा हा अभिनय नसून वय होते. १९६० च्या कान महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

त्याच्या दोन वर्षे आधी मिखाईल कालातोझोव्ह यांचा 'द क्रेन्स आर फ्लाइंग' हा चित्रपट आला होता आणि १९५८ साली कानचे सर्वोच्च पारितोषिक त्याने मिळविले होते. त्यात मागे राहिलेल्या वेरोनिकाची कथा आहे. सेर्गेई उरुसेव्हस्की यांचे छायालेखन इतके चपळ आहे, की गोळी लागून कोसळणाऱ्या बोरिसच्या डोळ्यांतून आपणच बर्चची झाडे फिरताना पाहतो. मला तो चित्रपट अल्योशाच्या कथेपेक्षा किंचित कमी आवडतो, कारण त्यात कॅमेऱ्याचे कौतुक करण्यात मन थोडे गुंतून पडते. पण शेवटी, विजयी सैनिकांच्या गाडीपाशी आपल्या माणसासाठी आणलेली फुले वेरोनिका अनोळखी लोकांत वाटून टाकते, तेव्हा हा आक्षेप आपोआप गळून पडतो.

आता शत्रूच्या उंबरठ्याकडे वळू. फ्रेंच दिग्दर्शक झाँ रन्वार यांचा १९३७ चा 'ला ग्रांद इल्यूझिआँ', म्हणजे 'महाभ्रम', हा पहिल्या महायुद्धाविषयीचा चित्रपट होय. पण त्यात एकही लढाई नाही. जर्मनांच्या कैदेत पडलेले फ्रेंच अधिकारी, त्यांचे पलायनाचे बेत, आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारा, मानेला आधारपट्टा लावलेला, पांढरे हातमोजे घातलेला जर्मन किल्लेदार राउफेनश्टाइन. ही भूमिका एरिक फॉन स्ट्रोहाइम यांनी केली. त्या किल्ल्यात जिरेनियमचे एकच रोप फुललेले आहे. आपल्याच गोळीने मरण पावलेल्या फ्रेंच सरदारासाठी तो किल्लेदार ते एकमेव फूल कापतो. हे दृश्य अनेकांनी वाखाणले आहे, आणि ते योग्यच आहे.

परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते त्यानंतरचे शेतघर. पळून आलेले दोन फ्रेंच सैनिक एका जर्मन विधवेच्या गोठ्यात लपतात. एल्सा तिचे नाव. ती त्यांना धरून देत नाही, जेवू घालते. भिंतीवरच्या तसबिरी दाखवून ती सांगते, की नवरा व्हर्दूनला गेला आणि भाऊ लिएज, शार्लरवा व टॅनेनबर्ग येथे गेले. या लढायांची नावे घेऊन तिच्या देशात विजयाचे सोहळे झाले होते. तिच्या घरात मात्र जेवणाचे टेबल आता फार मोठे झाले आहे, आणि त्याच्या एका टोकाला तिची चिमुरडी लोट्टे एकटी बसते. युद्धाचे एवढे मोठे गणित इतक्या लहान वस्तूवर मांडलेले दुसरीकडे क्वचितच आढळेल.

रन्वार स्वतः पहिल्या महायुद्धात वैमानिक होते, आणि झाँ गाबँ या नटाने चित्रपटात घातलेला अंगरखा रन्वार यांचाच होता. नाझी प्रचारमंत्री गोबेल्स यांचा या चित्रपटावर इतका रोष होता, की जर्मनीत त्याला बंदी झालीच, शिवाय १९४० साली फ्रान्स पडल्यावर त्याची मूळ फीत जप्त होऊन बर्लिनला गेली. तेथून ती लाल सेनेबरोबर मॉस्कोस पोहोचली, आणि १९६० नंतरच्या दशकात इतर चित्रफितींच्या गठ्ठ्यात तुलूझच्या संग्रहालयात परतली. तेथेही ती बराच काळ ओळखलीच गेली नाही. कैद्यांच्या पलायनाची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाची फीतच अशी देशोदेशी कैदेत फिरून घरी आली!

गोबेल्स यांचे नाव निघाले, म्हणून आणखी एका चित्रपटाकडे वळणे प्राप्त आहे. एरिक मारिया रेमार्क यांच्या १९२९ च्या कादंबरीवर लुइस माइलस्टोन यांनी १९३० साली अमेरिकेत जो बोलपट काढला, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'पश्चिम आघाडीवर सारे शांत' असा होतो. मूळ जर्मन नावाचा अर्थ मात्र 'पश्चिमेकडे नवे काही नाही' असा आहे. सैन्याच्या रोजच्या वार्तापत्रातील हे कोरडे वाक्य. ज्या दिवशी ते लिहिले गेले, त्याच दिवशी आपला नायक मेला. 'शांत' या शब्दात जी करुणा आली, ती मूळच्या 'नवे काही नाही' मध्ये नाही, आणि म्हणूनच मूळ नाव अधिक झोंबते.

या बोलपटात वर्गशिक्षक खिडकीबाहेरील संचलनाच्या साक्षीने मुलांना युद्धावर जाण्यास चिथावतात आणि अख्खा वर्ग सैन्यात भरती होतो. पुढे एका मुलाचे उंची बूट, तो मेला की दुसऱ्याच्या पायांत आणि दुसरा मेला की तिसऱ्याच्या पायांत जातात. माणसे बदलतात, बूट चालत राहतात. खड्ड्यात अडकलेला पॉल ज्या फ्रेंच सैनिकाला भोसकतो, त्याच्या खिशात बायको व मुलगी यांचे छायाचित्र सापडते. पुन्हा तोच उंबरठा! शेवटी खंदकातून फुलपाखराकडे सरकणारा आणि गोळीच्या आवाजासरशी थबकणारा हात तर चित्रपटसृष्टीच्या इतिहासातच जमा झाला आहे. तो हात नायक ल्यू एअर्स यांचा नव्हे. हा शेवट मागाहून सुचला, तेव्हा तो नट उपलब्ध नव्हता; म्हणून दिग्दर्शकाने स्वतःचाच हात पुढे केला.

डिसेंबर १९३० मध्ये हा बोलपट बर्लिनमध्ये लागला, तेव्हा गोबेल्स यांच्या अनुयायांनी प्रेक्षागृहात दुर्गंधीचे गोळे फोडले आणि पांढरे उंदीर सोडले. आठवडाभरातच त्यावर बंदी आली. त्यावेळी नाझी सत्तेवरही आलेले नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बंदी घालणाऱ्यांचे म्हणणे असे, की या चित्रपटाने जर्मन सैनिकाची मानहानी होते. ज्या जर्मनीत त्या चित्रपटाची ही गत झाली, त्याच जर्मनीत २०२२ साली त्याच कादंबरीवर जर्मन भाषेत चित्रपट निघाला आणि त्याने चार ऑस्कर पारितोषिके मिळविली. तो नवा चित्रपट अधिक चिखलाचा, अधिक रक्ताचा आहे. पण त्यात पॉलची घरी जाण्याची रजा गाळली आहे. माझ्या मते तेथेच तो जुन्यापुढे उणा पडतो. आपल्या जुन्या वर्गात उभा राहून खरे सांगू पाहणारा आणि मुलांकडून भित्रा ठरविला जाणारा पॉल जुन्या बोलपटात पाहिल्यावर, सैनिकाचे घर त्याला कसे परके होते, ते कळते.

येथपर्यंतची सारी उदाहरणे युरोपातील झाली. आपल्या पूर्वेकडील तीन चित्रपट एकापुढे एक ठेवले, तर एक विलक्षण गोष्ट दिसते.

पहिला आपल्या महाराष्ट्राच्या ओळखीचा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे १९३८ साली राष्ट्रसभेने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, तेथील गुओ चिंगलान या परिचारिकेशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तेथेच देह ठेवला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या आधारे व्ही. शांतारामांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. नायकाची भूमिका स्वतः केली आणि चिनी पत्नीची जयश्री यांनी. त्यातील युद्धदृश्ये आज थोडी नाटकी वाटतात, हे मान्य करायला हवे. पण तान्हे मूल कडेवर घेऊन ती परदेशी सून सोलापूरच्या घरी येते, तो प्रसंग कोणत्याही काळात पाहावा. या चित्रपटात शत्रू आहे जपानी, आणि चिनी आहेत आपले सोयरे.

दुसरा चित्रपट बरोबर दहा वर्षांनी आलेला, १९५६ चा 'बर्मीज हार्प'. दिग्दर्शक कोन इचिकावा. मिचिओ ताकेयामा यांनी ही मूळ कथा मुलांसाठी लिहिली होती. येथे जपानी सैनिक नायक आहेत. ब्रह्मदेशातून माघार घेणारी, थकलेली, गाणारी तुकडी. मिझुशिमा नावाचा सैनिक ब्रह्मी वीणा वाजवतो. एका खेड्यात ते घराच्या ओढीचे एक गाणे म्हणत असताना, त्यांना वेढणारे शत्रुसैनिक अंधारातून तेच गाणे इंग्रजीत म्हणू लागतात, आणि मग समजते, की युद्ध तीन दिवसांपूर्वीच संपले आहे. हरलेल्या तुकडीला घरी जाण्याची घाई होते. मिझुशिमा मात्र वाटेत जागोजागी बेवारस पडलेली प्रेते पाहतो आणि ठरवितो, की यांना पुरल्याशिवाय आपण परतायचे नाही. भिक्षूच्या वेषात तो मागे राहतो. सोबती त्याच्यासाठी पोपटाला 'चल, आपण मिळून घरी जाऊ' असे बोलायला शिकवतात. जहाजावर त्याचे पत्र वाचले जाते. ब्रह्मदेशात जपानी सैन्याशी लढलेल्या चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैनिक भारतीय होते, हे ज्याला ठाऊक आहे, त्या आपल्या वाचकाला हा चित्रपट पाहताना वेगळीच अस्वस्थता जाणवेल. ज्यांच्याविरुद्ध आपली माणसे इंफाळ व कोहिमा येथे १९४४ साली लढली, त्यांच्यासाठी आपले डोळे पाणावतात.

तिसरा चेतन आनंद यांचा १९६४ चा 'हकीकत'. १९६२ च्या आघातानंतर अवघ्या दोन वर्षांत, लडाखच्या प्रत्यक्ष भूमीवर जाऊन हा चित्रपट तयार झाला. ज्या चिनी सैनिकांच्या जखमा कोटणीसांनी बांधल्या, त्यांचाच देश येथे शत्रू आहे. दोन चित्रपटांमध्ये केवळ अठरा वर्षांचे अंतर! 'हकीकत'चे धैर्य असे, की तो विजयाचा चित्रपट नाही. अपुऱ्या दारूगोळ्यानिशी, बर्फातून, पायी माघार घेणाऱ्या जवानांचा तो चित्रपट आहे. बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत यांचा अभिनय संयत आहे. मदनमोहन यांच्या संगीतातील आणि कैफी आझमी यांच्या शब्दांतील एका गाण्यात मोहम्मद रफी, तलत महमूद, मन्ना डे व भूपिंदर सिंग असे चार गायक आहेत. बर्फात अडकलेले जवान आपापल्या माणसांची आठवण काढतात, आणि प्रत्येक आवाजाबरोबर एकेका घराचे दार उघडल्यासारखे वाटते. चिनी सैनिक मात्र या चित्रपटात केवळ आरडाओरड करणारा जमाव आहे. त्यांच्या घराचा उंबरठा कोठेच दिसत नाही. जखम ओली असताना याहून अधिक मागणे अन्यायाचे ठरेल, पण उणीव ती उणीवच.

हे तीन चित्रपट लागोपाठच्या तीन संध्याकाळी घरी पाहावेत, अशी माझी शिफारस आहे. शत्रूचा गणवेश दर संध्याकाळी बदलेल. पत्राची वाट पाहणारे माणूस तेवढे बदलणार नाही.

येथे काही वाचक विचारतील, आणि विशेषतः ज्यांच्या घरातील कोणी सैन्यात आहे ते विचारतील, की अशा चित्रपटांनी शौर्याचे मोल कमी होत नाही काय? प्रश्न रास्त आहे. लोंगेवालाच्या चौकीवर ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री २३ पंजाब पलटणीच्या एका कंपनीने रणगाड्यांचा हल्ला पहाटेपर्यंत थोपवून धरला, त्यावरील जे. पी. दत्ता यांचा १९९७ चा 'बॉर्डर' पाहून ज्यांची छाती फुगली, त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पण त्या चित्रपटातील लोकांच्या ओठी राहिलेले गाणे कोणते? घरून आलेल्या पत्रांचे. शौर्य म्हणजे काय गमावण्याची तयारी आहे, हे ज्या चित्रपटाला दाखवता येत नाही, त्याला शौर्य तरी कसे दाखवता येणार? अल्योशाला आईचे छप्पर ठाऊक नसते, तर त्याने रणगाडा उडविला काय आणि न उडविला काय, आपल्याला त्याचे फारसे काही वाटले नसते.

गाजलेल्या चित्रपटांत काय गाळले जाते, हेही पाहण्यासारखे असते. डेव्हिड लीन यांचा १९५७ चा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' सात ऑस्कर मिळवून गेला. सिंहलद्वीपातील कितुलगला येथे चित्रित झालेला तो चित्रपट देखणा आहे, आणि हट्टी कर्नलच्या भूमिकेत ॲलेक गिनेस अविस्मरणीय आहेत. परंतु सयाम व ब्रह्मदेश यांना जोडणाऱ्या त्या ४१५ किलोमीटरच्या लोहमार्गावर १२ हजारांहून अधिक युद्धकैदी दगावले, तर त्यांच्या कित्येक पट आशियाई मजूर दगावले. मलायातील रबरमळ्यांतून नेलेले तमिळ मजूर त्यांत फार मोठ्या संख्येने होते. पडद्यावर ते जवळजवळ दिसतच नाहीत. कैद्यांच्या कबरी तरी ओळीने, नावानिशी आहेत. या मजुरांचे नाव ना दगडावर, ना पडद्यावर.

आपल्या सैनिकांचेही थोडेफार तसेच झाले आहे. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख भारतीयांनी कामगिरी बजावली आणि ७४ हजारांवर मरण पावले. दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सेना २५ लाखांपर्यंत पोहोचली होती आणि तीत सक्तीची भरती नव्हती. चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी 'उसने कहा था' ही अप्रतिम हिंदी कथा १९१५ साली, म्हणजे युद्ध चालू असतानाच लिहिली. बिमल रॉय यांनी १९६० साली मोनी भट्टाचार्य यांच्याकडून तिचा चित्रपट करवून घेतला, तेव्हा कथा पहिल्या युद्धातून उचलून दुसऱ्यात आणून ठेवली. सुनील दत्त व नंदा यांनी कामे मन लावून केली. तरी अमृतसरच्या बाजारातील ती पहिली भेट आणि फ्रान्समधील चिखलाचा खंदक यांच्यातील जे अंतर कथेत काळजाला घरे पाडते, ते चित्रपटात तितके जाणवत नाही. १९९६ च्या 'द इंग्लिश पेशंट' मध्ये किप हा शीख सुरुंगतज्ज्ञ इटलीत बाँब निकामी करताना दिसतो. मायकेल ओंडात्जे यांच्या कादंबरीत हिरोशिमाची बातमी ऐकून तो संतापाने सारे सोडून निघून जातो. चित्रपटाने तो संताप गाळला, आणि किप हा केवळ एक देखणा पाहुणा होऊन राहिला.

मुलांना घेऊन पाहण्याविषयीही दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण हे मासिक घरोघर वाचले जाते. 'बर्मीज हार्प' दहाबारा वर्षांच्या मुलांना खुशाल दाखवावा. तिला वीणा आवडेल आणि त्याला पोपट. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' या इसाओ ताकाहाता यांच्या १९८८ च्या जपानी चित्रपटाबाबत मात्र सावध राहावे. तो हाताने रेखाटलेल्या चित्रांचा आहे, म्हणून तो बालपट असावा अशी सहज समजूत होते, आणि आईवडील मुलांना पडद्यापुढे बसवून स्वयंपाकघरात जातात. तसे करू नये. कोबे शहरावरील १९४५ च्या बाँबवर्षावात आई गमावलेली भावंडे, चौदा वर्षांचा सेइता व चार वर्षांची सेत्सुको, यांची उपासमार त्यात टप्प्याटप्प्याने दाखविली आहे. मूळ कथेचे लेखक अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण अशीच उपासमारीने गेली होती. येथेही, अल्योशाच्या चित्रपटाप्रमाणेच, शेवट आरंभीच सांगितलेला आहे. गोळ्यांचा पत्र्याचा डबा, तो रिकामा झाल्यावर त्यात पाणी घालून हलवून प्यायलेली शेवटची गोडी, हे पाहताना मोठ्यांनी मुलांच्या शेजारी असणे आवश्यक आहे. ती प्रश्न विचारतील. उत्तरे आपल्याजवळ असतीलच असे नाही.

इटलीचा उल्लेख वर आला आहे, तेव्हा तेथील एक हकीकत सांगून थांबतो. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी उत्तर टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील सर्व सहकारी मशीनगनच्या माऱ्याने मेले किंवा जायबंदी झाले. ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले, ते जिंकले, आणि तेथेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय २२ वर्षांचे. व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक त्यांना मरणोत्तर मिळाले आणि ते त्यांच्या तरुण पत्नीने स्वीकारले. इटलीतील मोंतोने या गावी २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारण्यात आली आहे. मशीनगनच्या ठाण्याचे ते दृश्य चित्रित करायला कोणत्याही दिग्दर्शकाला दोन दिवस पुरतील. पण ते पदक हाती घेऊन कोकणातल्या आपल्या घरी परतणारी ती मुलगी, तिचा तो प्रवास आणि त्यानंतर तिच्या दारातून सरकत गेलेली ऊन-सावलीची वर्षे, यांचा चित्रपट कोणी काढला, तर त्याच्या पहिल्या खेळाला रांगेत उभे राहण्याची माझी तयारी आहे.